सीएएच असताना लग्न आणि मूल: आत्याच्या घरून मागणी आली आहे, काय काय तपासून घेऊ?

कोयनाकाठ

नमस्कार. मी २७ वर्षांची, मूळची कराडजवळची, साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. मला जन्मापासून सीएएच आहे, म्हणजे कन्जेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया, मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात आजार. त्यातला शरीरातलं मीठ वाहून जाणारा प्रकार. दुसऱ्या आठवड्यात मी दूध ओढेनाशी झाले, वजन उतरलं, अंग गार पडलं, मग जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं. मुलगा की मुलगी हेच आधी नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून बारसंही लांबलं. शेवटी नाव ठेवलं ते आत्याने. वर्षाची असताना खालच्या बाजूचं ऑपरेशन झालं. सध्या सकाळी आणि दुपारी हायड्रोकॉर्टिसोन, रात्री डेक्सामेथासोनची अर्धी गोळी (दोन्ही स्टेरॉइड), शिवाय सकाळी मीठ धरून ठेवायला फ्लुड्रोकॉर्टिसोन. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन.

आता मुद्द्याचं. त्याच आत्याने आपल्या मुलासाठी मला मागणी घातली आहे. मुलगा चांगला आहे, आम्ही लहानपणापासून एकमेकांना ओळखतो, दोघांनाही हो म्हणायचं आहे. घरात सगळ्यांच्या जिवाला हायसं वाटलंय, कारण बाहेरच्या स्थळाला हे सगळं कसं सांगायचं या काळजीने आई-बाबा कित्येक वर्षं झोपलेले नाहीत. आत्याला सांगण्यासारखं काही नाहीच, तिने सगळं डोळ्यांनी पाहिलंय. ती म्हणते, मूल झालं तर झालं, नाही तर नाही, पोर माझीच आहे.

पण मला मूल हवं आहे. एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी फाइल चाळून सांगितलं की या आजारात दिवस राहत नाहीत, आशा ठेवू नका. हे खरं आहे का? राहिलेच तर या गोळ्या चालतात का? माझ्या अंगात पुरुषी हार्मोन जास्त, मग पोटात मुलगी असेल तर ती माझ्यासारखीच जन्मेल का? आणि नात्यातलं लग्न म्हणून काही वेगळं तपासायला हवं का? ऑपरेशनमुळे नवरा-बायकोच्या संबंधांत अडचण येईल का, हे तर कुणाला विचारायचं तेच कळत नाही. इथे कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

प्राजक्त

कोयनाकाठ, तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. मलाही मीठ वाहून जाणारा सीएएच आहे. पुण्यात असते, शाळेत विज्ञान शिकवते, आणि मला एक मुलगा आहे. तो माझ्याच पोटचा आहे, हे मुद्दाम लिहिते, कारण तुला जे सांगण्यात आलं तेच मलाही सांगण्यात आलं होतं.

"राहत नाही" हे खरं नाही. हा समज आला कुठून ते नीट बघ. जुन्या नोंदींमध्ये आपल्या आजाराच्या बायकांना मुलं फार कमी दिसतात, आणि त्यावरून लोक सरळ निष्कर्ष काढतात की शरीर असमर्थ आहे. लंडनमध्ये २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आपल्यासारख्या क्लासिकल, म्हणजे तीव्र प्रकारच्या १०६ बायकांचा. त्यातल्या मूल हवं म्हणणाऱ्या होत्या फक्त २५, आणि प्रत्यक्ष प्रयत्न केला २३ जणींनी. त्या २३ पैकी २१ जणींना दिवस गेले. मीठ वाहणाऱ्या प्रकारातल्या ९ पैकी ८ जणींना. म्हणजे कमी होती ती प्रयत्न करणाऱ्यांची संख्या. लहानपणी झालेली ऑपरेशनं, तपासण्यांची लाज, लग्नच न होणं, आणि "तुला होणार नाही" हे वाक्य लहान वयात कानावर पडणं, या सगळ्यामुळे बायका त्या दारापर्यंत पोचतच नाहीत. मग त्यांचाच आकडा पुढच्या मुलीला पुरावा म्हणून दाखवला जातो. मला याचा मनापासून राग येतो.

आता शरीरात नेमकं काय अडतं ते सांगते, कारण ते कळलं की डॉक्टरांशी बोलणं सोपं होतं. आपल्यात २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम) नीट काम करत नाही. शरीराला ताण सोसायला लागणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन बनत नाही, म्हणून मेंदू ॲड्रिनल ग्रंथीला सारखा रेटत राहतो, आणि अडलेला कच्चा माल दोन बाजूंना वळतो. एक बाजू पुरुषी हार्मोनची, ती सगळ्यांना माहीत असते. दुसरी प्रोजेस्टेरॉनची, आणि हिच्याकडे फार कमी डॉक्टरांचं लक्ष जातं. निरोगी बाईत प्रोजेस्टेरॉन फक्त बीज बाहेर पडल्यानंतर वाढतं. आपल्यात ते ॲड्रिनलमधून महिनाभर झिरपत राहतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो, आणि परिणाम संततिनियमनाची गोळी रोज घेतल्यासारखा होतो. टेस्टोस्टेरॉन सुधारलं, पाळी नियमित झाली, तरी दिवस राहत नाहीत, ते बऱ्याचदा यामुळे.

म्हणून पाळीच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळची गोळी घेण्याआधी, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासायला सांग. मूल हवं असेल तर ते मिलिलिटरमागे ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली हवं. १७-ओएचपी (त्या अडलेल्या कच्च्या मालाची रक्ततपासणी) सगळे करतात, प्रोजेस्टेरॉनची ही तपासणी मागून घ्यावी लागते. माझं पहिल्यांदा आलं तेव्हा ते बरंच वर होतं. माझ्या एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) बाईंनी डेक्सामेथासोन बंद करून दिवसातून तीन वेळा प्रेडनिसोलोन सुरू केलं, वेळा घड्याळाच्या काट्यावर. आकडा खाली यायला काही महिने लागले. त्या काळात चेहरा सुजला, वजन वाढलं, शाळेत लोक विचारायचे. तेवढ्यापुरतं सोसलं. आकडा खाली आल्यावर दिवस राहिले, वेगळं काही करावं लागलं नाही. काही जणींना बीज तयार होण्यासाठी लेट्रोझोल लागतं, काहींना टेस्ट ट्यूब. पण आधी प्रोजेस्टेरॉन खाली आणल्याशिवाय त्या मार्गाला लागू नकोस, पैसा आणि मन दोन्ही जातं.

तुझी रात्रीची डेक्सामेथासोन ही सगळ्यात आधी बोलायची गोष्ट. वारेत (प्लॅसेंटात) एक विकर असतं, ते हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग बाळापर्यंत पोचण्याआधीच निकामी करतं. डेक्सामेथासोन त्याला दाद देत नाही, ते थेट बाळापर्यंत जातं. म्हणून मूल हवं असताना ते बदलून घ्यायचं असतं, आणि तेही दिवस राहायच्या आधी. स्वतःच्या मनाने मात्र एक दिवसही बंद करू नकोस, आपल्याला ते परवडत नाही. अंगावरच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर तेही बंद करावं लागतं.

मुलगी असेल तर काय, हा तुझा प्रश्न मला फार जवळचा वाटला. मी रात्र रात्र हाच विचार करायचे. निसर्गाने इथे दुहेरी बंदोबस्त केलेला आहे. गरोदरपणात रक्तात एक वाहक प्रथिन खूप वाढतं आणि पुरुषी हार्मोनला बांधून ठेवतं. जे सुटतं त्याचं वारेतलं ॲरोमाटेज हे विकर इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. त्यामुळे उपचार नीट चालू असतील तर आईच्या हार्मोनमुळे मुलीच्या अंगावर परिणाम होत नाही. बाळाला स्वतःला हा आजार असेल तर गोष्ट वेगळी, पण तो जनुकांचा प्रश्न, त्यावर इथे आणखी जाणकार आहेत.

गरोदरपणाचे पहिले महिने माझ्यासाठी सगळ्यात अवघड होते, उलट्यांमुळे. गोळी पोटात राहिलीच नाही तर आपल्याकडे दुसरा साठा नसतो. गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासात उलटी झाली की पुन्हा गोळी, तीही पडली की मांडीत हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि तडक दवाखाना. माझ्या नवऱ्याने इंजेक्शन द्यायला शिकून घेतलं होतं. पहिल्यांदा त्याचे हात थरथरत होते, पण त्याने दिलं, आणि पंधरा-वीस मिनिटांत मी उठून बसले. आतेभाऊ असो की कुणी, ज्याच्याशी लग्न करशील त्याला हे लग्नाआधीच शिकव. सासूबाईंनाही. घरात एम्प्यूल, सिरिंज आणि स्पिरिट कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक हवं.

मधल्या महिन्यांत मला मिठाची भयंकर ओढ लागली. खारवलेला आवळा, मीठ लावलेली कैरी, ताकात दोन चिमटींऐवजी अर्धा चमचा मीठ. लोक डोहाळे म्हणून हसायचे. पण गरोदरपणात वाढलेलं प्रोजेस्टेरॉन मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनच्या आड येतं, म्हणून काहींना फ्लुड्रोकॉर्टिसोन वाढवावं लागतं. उभं राहिल्यावर चक्कर येणं, बीपी खाली जाणं, पोटॅशियम वाढणं यावर लक्ष ठेवतात. एरवी मिठाच्या गोळीचा डोस ठरवायला रेनिन तपासतात, पण त्या तपासणीवर तेव्हा विसंबता येत नाही, ते गरोदरपणात सगळ्यांचंच वाढतं. शेवटच्या तिमाहीत हायड्रोकॉर्टिसोनही थोडं वाढवावं लागू शकतं, साधारण वीस ते चाळीस टक्के. साखरेची तपासणी चुकवू नकोस, स्टेरॉइडवर असताना गरोदरपणातल्या मधुमेहाची शक्यता जास्त असते.

आणि बाळंतपण. माझं सिझर झालं. आपल्या लहानपणच्या ऑपरेशनमुळे आणि काहींचं कटिर अरुंद असल्यामुळे बरेच डॉक्टर सिझर सुचवतात. सगळ्यांनाच लागतं असं नाही, पण जिथे योनिमार्गाची दुरुस्ती झालेली आहे तिथे आधी बसून ठरवायला हवं. सिझर असो की साधी प्रसूती, स्टेरॉइडचा वाढीव डोस लागतोच. माझ्या डॉक्टरांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं: कळा सुरू होताच किंवा सिझरच्या सुरुवातीला हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, त्यानंतर दर सहा तासांनी ५०, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरवत नेहमीच्या डोसवर. तो कागद फाइलच्या वरच चिकटवला होता, एक प्रत नवऱ्याच्या खिशात. रात्रपाळीच्या सिस्टरला हा आजार माहीत नव्हता आणि ठरलेला डोस लांबत होता. नवऱ्याने कागद पुढे केला, तिने डॉक्टरांना फोन लावला, इंजेक्शन मिळालं. तिचा दोष नाही, हा आजार रोज समोर येत नाही. म्हणूनच कागद हवा.

अंगावर पाजायला काही हरकत नसते. नेहमीच्या डोसमधून दुधात फार थोडं उतरतं.

आता तू शेवटी जे विचारलंस. अडचण येऊ शकते, आणि ती सुटते. लहानपणी केलेल्या ऑपरेशनची जागा वाढत्या वयात आकसते. लग्न ठरवण्याच्या आधी, आपल्या आजाराची माहिती असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडून एकदा शांतपणे तपासून घे. तपासणी नको वाटत असेल तर तसं स्पष्ट सांग. लहानपणी न विचारता किती हात लागले आपल्याला, आता विचारूनच लागायला हवेत. कधी डायलेटरने (मार्ग हळूहळू रुंद करणाऱ्या साधनाने) काही महिन्यांत काम होतं, कधी छोटी शस्त्रक्रिया लागते. हे लग्नानंतर पहिल्या रात्री कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं, तुझ्यासाठीही आणि त्याच्यासाठीही.

गुणसूत्र६

प्राजक्त यांनी फार नेमकं लिहिलं आहे. मी मुंबईत जनुकीय समुपदेशनाचं काम करते, म्हणून फक्त नात्याच्या भागावर लिहिते.

कोयनाकाठ, तुमच्याकडे सीवायपी२१ए२ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. तुमच्या प्रत्येक बाळाला एक बिघडलेली प्रत मिळणारच. पुढचं सगळं अवलंबून आहे जोडीदारावर.

बाबा वाहक आहेत (एक प्रत बिघडलेली, पण आजार नाही), म्हणजे त्यांची सख्खी बहीण, तुमच्या आत्या, वाहक असण्याची शक्यता निम्मी. त्यांचा मुलगा वाहक असण्याची शक्यता चौथाई. तो वाहक असेल तर बाळाला ती प्रत मिळण्याची शक्यता पुन्हा निम्मी. म्हणजे काहीही न तपासता आजच्या घडीला बाळाला आजार होण्याची शक्यता आठात एक. बाहेरच्या, नात्यात नसलेल्या मुलाच्या बाबतीत ती साधारण ऐंशी ते सव्वाशेत एक येते. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने निरनिराळ्या शहरांत लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, त्यात या आजाराचं प्रमाण ५,७६२ मध्ये एक निघालं. परदेशातले आकडे बहुतेक १० ते १८ हजारांत एक असे असतात. त्यामुळे "हा आजार आपल्याकडे नसतोच" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आठात एक हा आकडा बघून स्थळ मोडू नका, आणि डोळे मिटून होही म्हणू नका. हा आकडा तपासणीने बदलतो. आतेभाऊ वाहक नाही असं निघालं तर बाळाला आजार होण्याची शक्यता जवळजवळ संपते, मुलं फक्त वाहक होतील. वाहक निघाला तर ती आठात एकवरून दोनात एक होते. म्हणून तपासणी लग्नाच्या आधी, दोघांच्या संमतीने.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी तुमची तपासणी, मग आई-बाबांची. बाबांकडून आलेला बिघाड कोणता हे कळलं की आत्याकडे आणि तिच्या मुलाकडे तो आहे का हे खात्रीने बघता येतं. तरीही मुलाची पूर्ण तपासणी करा, कारण त्याच्या वडिलांकडूनही काही आलेलं असू शकतं. आणखी एक, या जनुकाच्या शेजारीच त्याच्यासारखं दिसणारं पण निकामी जनुक असतं, हुबेहूब जुळ्या भावासारखं. त्यामुळे नुसत्या एक्सोम तपासणीत (सगळी जनुकं एकदम वाचणाऱ्या) गफलत होऊ शकते. लॅबला विचारा की ते एमएलपीए (जनुकाचा तुकडा गळाला आहे का हे बघणारी तपासणी) आणि या जनुकाचं स्वतंत्र सिक्वेन्सिंग दोन्ही करतात का. नाही म्हणाले तर दुसरी लॅब बघा.

तो वाहक निघाला तरी रस्ते आहेत. टेस्ट ट्यूब करून भ्रूण तपासून निरोगी भ्रूण ठेवता येतो. किंवा नैसर्गिक गर्भधारणा होऊ देऊन अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा अंश घेऊन तपासता येतं. १९९४ च्या गर्भलिंग निदान कायद्याने लिंग सांगायला बंदी आहे, पण जनुकीय आजाराच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे. आणि काही जोडपी म्हणतात, आम्हाला हा आजार माहीत आहे, औषध माहीत आहे, बाळ जसं येईल तसं सांभाळू. तुमच्यासमोर बसून मी यातलं एकही चूक म्हणणार नाही.

एका गोष्टीपासून मात्र सावध करते. बाळ मुलगी असेल आणि तिला आजार असेल तर तिच्या अंगाची रचना बदलू नये म्हणून आईला पहिल्या आठवड्यांपासून डेक्सामेथासोन द्यायची एक पद्धत होती. त्यात आजार नसलेल्या अनेक बाळांनाही औषध मिळतं. मुलांच्या वाढीवरच्या परिणामांच्या काळजीने स्वीडनमध्ये २०१० साली नव्या स्त्रियांना ते देणं थांबवलं. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ते फक्त मान्यताप्राप्त संशोधनातच द्यावं. कुणी सहज लिहून दिलं तर घेऊ नका.

कृष्णेकाठचा

विषय निघालाच आहे तर पुरुषाची बाजू लिहितो, कारण ती कुणी लिहीत नाही. मलाही सीएएच आहे. लग्नानंतर मूल होईना तेव्हा सगळ्या तपासण्या बायकोच्याच झाल्या. शेवटी माझी तपासणी केली, तर शुक्रजंतू अगदी कमी. सोनोग्राफीत दोन्ही अंडकोषांत गाठी. एका ठिकाणी कर्करोग समजून ते काढायचीच भाषा झाली. नशिबाने ऑपरेशनआधी माझ्या जुन्या एंडोक्रिनॉलॉजिस्टना फोन केला. त्यांनी सांगितलं, या ॲड्रिनलच्याच पेशी आहेत, अंडकोषात राहून गेलेल्या. गोळ्या अनियमित झाल्या की त्या फुगतात आणि आतल्या नळ्या दाबतात. कर्करोग नसतो. आपल्या आजाराच्या पुरुषांमध्ये हे बरंच आढळतं, म्हणून वयात आल्यापासून अधूनमधून सोनोग्राफी करायची असते. डोस नीट बसवल्यावर गाठी लहान झाल्या, शुक्रजंतू वाढले. नमुना गोठवूनही ठेवला. आता मुलगी आहे. कुणाच्या घरात असा मुलगा असेल तर त्याची तपासणी लग्नाआधी, लाज न बाळगता करून घ्या.

रानजाई

मी सौम्य प्रकारातली, नॉन-क्लासिकल. मला कित्येक वर्षं पीसीओडी म्हणूनच औषधं चालू होती. दोनदा गर्भ राहून पडला. मग एका डॉक्टरांनी सकाळच्या वेळी १७-ओएचपी तपासलं, ते वाढलेलं निघालं, पुढे इंजेक्शन देऊन केलेल्या तपासणीत नक्की झालं. हायड्रोकॉर्टिसोनचा छोटा डोस सुरू झाल्यावर बाळ राहिलं आणि टिकलं. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माझ्या प्रकारातल्या बायकांचा गर्भपाताचा आकडा हायड्रोकॉर्टिसोन घेताना ६.५ टक्के आणि न घेता २६.३ टक्के होता. पीसीओडीचा शिक्का बसलेल्या ज्या मुली हे वाचत असतील त्यांनी ही एक तपासणी नक्की मागावी.

कोयनाकाठ

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. प्राजक्तताई, तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ऑपरेशनचा भागसुद्धा. आम्ही दोघी त्यावर आजवर कधी बोललो नव्हतो.

आतेभावाशीही बोलले. त्याने एका वाक्यात सांगितलं की रक्त कधी द्यायचं ते सांग. आत्याला मात्र लागलं. आमच्या रक्तात खोट काढताय का म्हणाली. मग बाबाच तिच्याशी बोलले. म्हणाले, खोट असेल तर ती तुझ्या-माझ्यात सारखीच आहे, मी माझी तपासणी आधी करतो. त्यावर ती गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं की उपाशीपोटी यायचं का. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे नमुने जाणार आहेत. वाहक निघाला तर काय करायचं हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. आधी अहवाल येऊ दे.

दोन शंका राहिल्या. माझी पाळी वेळेवर येतच नाही, मग प्रोजेस्टेरॉन कोणत्या दिवशी तपासू? आणि लग्न झालंच तर त्या घरात हरितालिकेचा निर्जळी उपवास असतो, आत्या स्वतः कडक करते. तो मला झेपेल का, की आधीच नाही म्हणून सांगू?

प्राजक्त

बाबांना माझा नमस्कार सांग. आत्यालाही. "उपाशीपोटी यायचं का" म्हणणारी सासू मिळत असेल तर तुझं निम्मं काम झालं. जनुकांच्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तिला पोटभर नाश्ता करून ये म्हणावं.

निर्जळी उपवास करू नकोस. आधीच सांग, आणि कारणासकट सांग. तुझ्या शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवता येत नाही, त्यात दिवसभर पाणी नाही आणि गोळी चुकली तर संध्याकाळपर्यंत सलाईन लावायची वेळ येऊ शकते, गरोदरपणात तर बाळाच्या जिवावर बेतेल. पूजा कर, जागरणात बस, पण पाणी, मीठ आणि गोळी वेळेवर. एरवीच्या उपवासालाही साबुदाण्याची खिचडी, मीठ घातलेलं ताक आणि वेळेवर गोळी असं चालतं. माझ्या सासूबाईंनी माझ्या वाटचा उपवास स्वतः धरला होता. तुझी आत्याही धरेल असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं.

आणखी एक, बाळ झाल्यावर ४८ तास उलटले की त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन १७-ओएचपी तपासायला सांग, आतेभावाचा अहवाल चांगला आला तरीही. आपल्याकडे ती तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, आणि मीठ वाहणाऱ्या बाळाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच धोका असतो. हे तुझ्या आईला सांगायची गरज नाही, तिने ते भोगलंय. पण प्रसूतीच्या कागदावर तेही लिहून ठेव.

प्रोजेस्टेरॉनचं असं. पाळी आली की तिसऱ्या ते पाचव्या दिवसात, सकाळी आठच्या सुमारास, गोळीच्या आधी रक्त द्यायचं आणि लगेच तिथेच गोळी घ्यायची, घरी जाईपर्यंत थांबायचं नाही. पाळी लांबलीच तर कोणत्याही सकाळी तपास, पण तारीख लिहून ठेव. आकडा जास्त आला आणि पुढच्या दोन आठवड्यांत पाळी आली, तर तो बीज सुटल्यानंतरचा असू शकतो, मग पाळीच्या सुरुवातीला पुन्हा तपासावा लागेल. पाळी न येता आकडा जास्तच राहिला तर तो बहुधा ॲड्रिनलचा. अहवाल आला की आकड्याबरोबर एककही लिही, काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, आणि तिथे आपली मर्यादा साधारण २ येते.